आमच्या आडनावाचं पाणी

आमचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की गाव कळेल, आणि गाव कळलं की तिथली माणसं म्हणतील, बघा, या बाईनं आमच्या पाण्याला नावं ठेवली. त्यांचा काही दोष नाही. दोष कुणाचा हे शोधण्यात माझी तीस वर्षं गेली, तेच सांगायला बसले आहे.

एवढं सांगते की ते 'कर' लागणारं आडनाव आहे. इंदापूर तालुक्यात, नीरेच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. त्या गावाचं नाव आणि पुढं 'कर'. लग्न करून मी बारामतीजवळ पिंपळीला आले तेव्हा ते माझ्या नावापुढं लागलं आणि मग सगळीकडं लागलं. रेशनकार्डावर, शाळेच्या मस्टरवर, लाईटबिलावर, आता आधारवर. दिवसातून दहा वेळा त्या गावाचं नाव लिहायचं आणि घरात एकानंही ते गाव पाहिल्याचं सांगितलेलं नाही, अशी आमची तऱ्हा.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. धड्यात साहेबाचं आडनाव आलं की मी पुस्तक बाजूला ठेवून पोरांना त्याचा अर्थ सांगायची. कुणी टेकडीखालचा, कुणी रानाकडेचा, कुणी नदीच्या उताराजवळचा. एकदा मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "म्हंजी मॅडम, त्यांच्यातबी 'कर' असत्यात." व्हय बाई, म्हटलं, असतात. मग त्यांना समजावून सांगायची, की बारामतीत राहणाऱ्याला कुणी बारामतीकर म्हणत नाही. तो पुण्याला खोली घेऊन राहिला की होतो बारामतीकर. हे आडनाव गाव सोडल्यावरच चिकटतं. ज्याला ते आहे तो तिथं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पोरं हसायची. एवढं बोलून झालं की मी फळ्याकडं तोंड करायची.

त्याचं कारण सासूबाईंनी माझ्या पदरात घातलेलं होतं. लग्नाचा सत्यनारायण झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चुलीपाशी बसवलं आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हे बघ, आपल्या आडनावाच्या गावचं पाणी आपल्याला चालत न्हाय. जीव गेला तरी प्यायचं न्हाय."

"प्यालं तर?"

"पेलं तर वंश ऱ्हात न्हाय." आणि लगेच, "ती भाकर उलट, करपतीया."

मी बीए झालेली, नवीन नोकरीची बाई. मला हसू आलं होतं. पण घरात विचारावं तर प्रत्येकाचं कारण वेगळं. सासरे म्हणायचे, भावाभावात बांधावरनं मारामारी झाली, थोरल्यानं शिवेवर उभं राहून शपथ घातली. चुलतसासरे म्हणायचे, विहिरीत कुणीतरी काहीतरी कालवलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, कारण इचारायचं नसतं. शपथ मात्र तिघांचीही एकच होती.

आणि सासूबाईंचे निवाडे ऐकण्यासारखे असायचे. त्या गावात गेलंच तर दूध चालेल, चहा चालणार नाही. उसाचा रस चालेल, पण बर्फ न घालता. नीरेचं पाणी चालेल, का तर "व्हात्या पाण्याला गाव नसतं." एकदा यांनी इंदापूरच्या बाजारातून कलिंगड आणलं. हे म्हणजे माझे यजमान. सासूबाईंनी विचारलं, कुठल्या रानातलं? यांना माहीत नव्हतं. झालं, ते कलिंगड म्हशीपुढं गेलं. "कलिंगाड म्हंजी निस्तं पाणीच की," सासूबाई म्हणाल्या. आम्ही दोघं मागच्या अंगणात जाऊन पोट धरून हसलो होतो. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं या विषयावर आम्ही कधी हसलो नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि उन्हाळ्यात निवडणूक लागली. मास्तरांना काम लागतंच. ऑर्डरवर मतदान केंद्राचं गाव वाचलं आणि मी ऑर्डर घडी घालून पर्समध्ये ठेवली. घरी दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं. खोटं बोलायला सुरुवात तिथंच झाली बघा. उगाच सासूबाईंचा कालवा नको, एवढाच विचार होता.

घरून दोन लिटरचा कॅन भरून नेला होता. इंदापुरातून आम्हा बायकांना सकाळी जीपनं नेऊन सोडलं. मला बोटाला शाई लावायचं काम होतं. दिवसभर यादी मोठ्यानं वाचली जात होती आणि आमचं आडनाव एकदाही आलं नाही. शेजारचा कारकून म्हणाला, "काय मॅडम, तुमचंच गाव आणि तुमच्या आडनावाचं एक मत न्हाय?" मी हसले. पण माणसं रांगेनं बोट पुढं करत होती आणि मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते, की यातलं कुणी यांच्यासारखं दिसतंय का. दोघेतिघे दिसले तसे. कान तसेच, बाहेर आलेले.

कॅनमधलं निम्मं पाणी केंद्राध्यक्षांनी संपवलं. तिसऱ्या प्रहरी माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. व्हरांड्यात रांजण होता, वर ओलं फडकं. मी उठले, पेला बुडवला आणि प्याले. मग दुसरा प्याले. कुणी बळजबरी केली नाही, नकळत झालं असंही नाही. आणि खोटं कशाला सांगू, पाणी गोड होतं.

आठवड्यानं कळलं की मला दिवस गेलेत.

मुलगी झाली. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. वेळेआधी झाली, फुप्फुसं पुरती वाढली नव्हती, असं डॉक्टरांनी सांगितलं. बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. नवव्या दिवशी गेली.

डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, हे मी स्वतःला किती वेळा बजावलं असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असंही बजावलं. दिवसा पटायचं. सासूबाई मात्र येताजाता म्हणायच्या, "आपल्या घरात असं कदी झालं न्हवतं गं." त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं, त्यांना माहीतच नव्हतं. मला ते वाक्य चटका दिल्यासारखं लागायचं. मन चिंती ते वैरी न चिंती.

यांना सांगावं असं हजारदा वाटलं. सांगितलं असतं तर सासूबाई काय म्हणतील याची भीती नव्हती; त्यांना मी उत्तर दिलं असतं. भीती यांची होती. हे काही बोलले नसते. नुसतं माझ्याकडं बघितलं असतं. ते बघणं मला सोसलं नसतं.

हे तेव्हा एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. कुणाच्या रानात किती ऊस आहे त्याच्या नोंदी करत गावोगाव फिरायचे. मुलगी गेल्यावर हे आणखीनच फिरायला लागले. मला वाटायचं, घरात माझं तोंड बघवत नाही म्हणून जातात. दिवाळी झाली की एक दिवस न जेवता बाहेर पडायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. मी विचारायची नाही. विचारलं असतं तर माझंही काहीतरी बाहेर आलं असतं.

दोन वर्षांनी मुलगा झाला. त्याला साधी शिंक आली तरी मी दवाखाना गाठायची. शाळेत माझं एक वेगळंच चालू होतं. मुलगी असती तर ज्या वर्षी पाचवीत आली असती, त्या वर्षी मी पाचवीचा वर्ग घेतला नाही, घसा धरतो म्हणून सांगितलं. पुढं ती मुलं आठवीत आली तेव्हा सुटका नव्हती. हजेरी घेताना आमच्या आडनावाचा नंबर जिथं आला असता तिथं मी थांबायचे. एक क्षणभरच. मग पुढचं नाव. पोरांना वाटायचं मॅडमना चष्मा लागला. दहावीपर्यंत मी त्या जागेवर थांबत राहिले, आणि तुम्हाला खरं सांगते, एकदोनदा मला 'हजर' ऐकू आलं.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. बारामतीत जळोचीला आम्ही नवीन घर बांधलं होतं, तिथं सकाळी अंगणात पाईप धरून झाडांना पाणी घालत होते, तसेच खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेलीच राहिली, आणि ज्याच्यापासून झाकली होती तोच गेला. नवरा गेल्याचं दुःख होतंच. त्याच्या आत हे दुसरं होतं आणि ते कुणाला दाखवता येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मुलगा आणि सून इंग्लंडला असतात. तिथं ते एका म्हाताऱ्या बाईच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. तिचं आडनाव म्हणजे एका गावाचं नाव, अर्थ 'नदीच्या दगडी उताराजवळचं'. मुलानं फोनवर सांगितलं, की म्हातारी एकदा गाडी काढून त्या गावाला जाऊन आली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. चर्चच्या आवारात बसली, डब्यातलं खाल्लं, थडग्यांवरची नावं वाचली. तिच्या आडनावाचं एकही नव्हतं.

"मग काय वाटलं तिला?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणाली, जाऊन आले एवढंच. आई, आपण का नाही गेलो कधी?"

"आपलं गाव पिंपळी."

"आडनावाचं गाव गं. त्या पाण्याच्या गोष्टीचं. आम्ही पुढच्या महिन्यात येतोय ना, तेव्हा जाऊ."

सून मागून ओरडली, "आई, मला बघायचंच आहे ते." सुनेला पाचवा महिना होता.

त्या महिन्यात माझं जेवणावरचं मन उडालं. मी नाही म्हणाले असते तर कारण द्यावं लागलं असतं. गुडघे दुखतात म्हणून टाळावं तर दोघं माझ्याशिवाय गेले असते, आणि तिथं कुणी हातात पेला दिला तर ही पुण्यात वाढलेली पोरगी नको म्हणणार नव्हती. म्हणून मी गेले. गाडीत बाटलीबंद पाण्याचं अख्खं खोकं टाकलं. मुलगा म्हणाला, "एवढं?" मी म्हटलं, "पोटुशी आहे ती. बाहेरचं पाणी नको." यात तरी खोटं काही नव्हतं.

गाव बदललं होतं. शाळा दुमजली झाली होती, व्हरांडा होता तिथं जाळी बसवली होती. रांजण दिसला नाही. मुलानं चौकातल्या एका टपरीवर आडनाव सांगून विचारलं, या आडनावाचं कुणी आहे का इथं. टपरीवाला म्हणाला, "न्हाय. आसंल कसं? गावातल्या माणसाला गावाचंच नाव कोण लावंल?" मी वर्गात तीस वर्षं जे शिकवलं ते त्यानं सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं. मग तो माझ्या मुलाच्या तोंडाकडं बघत राहिला. "तुमी शेतकीच्या सायबांचं कोण?"

"कुठले साहेब?"

"तुमच्यावानीच व्हतं दिसायला. वस्तीवरल्या आजीकडं यायचं दर साली. तिलाच इचारा."

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "मला काय माहीत." आणि खरंच माहीत नव्हतं. 

वस्ती गावाबाहेर, उसाच्या कडेला. पत्र्याचं घर, पुढं गोठा, लिंबाखाली बाज. बाजेवर आजी बसलेली, ऐंशीच्या पुढची, डोळे मात्र लख्ख. आम्हाला सतरंजी टाकून बसवलं. मुलानं आडनाव सांगितलं. आजी त्याच्याकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमी त्यांच्या मंडळी व्हय? मालक आलं न्हाईत दोन सालं झाली."

"वारले," मी म्हटलं.

 आजीनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलंच व्हतं. चुकवायचं न्हाईत कदी."

मी विचारलं, "आजी, ते इथं कशाला यायचे?"

त्यावर तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं सांगते. यांच्याकडं त्या वर्षी हाच भाग आला होता. म्हणजे माझ्या निवडणुकीच्याच वर्षी, पावसाळ्यात लागणाऱ्या आडसाली उसाच्या नोंदीला. घरी यांनीही दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलेलं असणार. हे वस्तीवर यायचे, नोंदी करायचे, पाणी दिलं की उपास आहे म्हणायचे. "मी म्हनलं, आसला कसला रोजचा उपास?" आजी म्हणाली. पाऊस ओढला होता, ऊन मरणाचं. एक दिवस हे रानातच चक्कर येऊन पडले. आजीनं आणि तिच्या दिरानं उचलून लिंबाखाली आणलं आणि तोंडात पाणी घातलं. "शुद्धीवर आलं तवा तांब्याकडं बघून रडाय लागलं. मला कायबी समजंना. येवढा बाप्या माणूस."

"मग?"

"मग दिवाळीमागनं आलं. हितंच बसलं, तुमी बसलाय तितं. म्हणालं, मावशी, मी पाणी पेलो आन माजी पोर गेली."

माझ्या मुलानं "कोण पोर?" असं विचारलं. आजी सांगतच राहिली.

"मी सांगितलं त्यास्नी, आवो आमी रोज पितो, आमची समदी जित्ती हायती. त्यांच्या डोस्क्यात शिरंना. म्हनलं, बायकूला सांगा, मन हलकं हुईल. तर म्हणालं, तिला न्हाय सांगायचं. तिला कळलं तर ती माज्याकडं कसं बघंल?"

मी तिथं बसून ते ऐकलं. माझ्याच मनातलं वाक्य, यांच्या तोंडून, दुसऱ्याच बाईनं मला सांगितलं.

"तवापसनं आलं की तांब्याभर पाणी मागून प्यायचं, मुद्दाम," आजी म्हणाली. "काय व्हायचं ते आता मला हू दे, म्हणायचं. दोन सालं तसं केलं. मग पोरगा झाला तवा पेढं घिऊन आलं. त्या दिशी मातुर पाणी घेतलं न्हाय. पुन्यांदा कदीच घेतलं न्हाय. यायचं, घटकाभर बसायचं, जायचं."

मला यांचा राग आला. मेलेल्या माणसाचा येतो तो राग वाईट, त्याला भांडायला तोंड मिळत नाही. तीस वर्षं एका छपराखाली, एका अंथरुणावर, आणि दोघांच्या छातीवर एकच धोंडा. एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी दुसऱ्यानं म्हटलं असतं, अगं वेडे, अहो वेड्या माणसा, मीसुद्धा. दोघांनी मिळून रडता आलं असतं. त्या पोरीसाठी आम्ही दोघं मिळून एकदाही रडलो नाही, आणि हे मला आता कुणाकडून भरून मिळणार आहे?

"आजी," मी म्हटलं, "मीपण प्याले होते. त्याच वर्षी. त्यांच्या आधी."

मुलाच्या आणि सुनेच्या देखत म्हटलं. 

आजीनं कपाळाला हात लावला. "मग सांगायचं न्हाय व्हय त्यास्नी? तुमी तरी सांगायचं. न्हायतर त्यांनी तरी." मग तिलाच माझी दया आली असावी. म्हणाली, "जाऊ द्या. जे ते आपापल्या भ्यानं गप बसतंय."

मी विचारलं, इथं असं काय झालं होतं की आमच्या लोकांनी शपथ घातली. एवढ्यासाठी तर मी पंचावन्न किलोमीटर आले होते.

"कायबी न्हाय झालं," आजी म्हणाली. "माज्या सासऱ्याच्या तोंडनं ऐकलंय. पोट भरंना म्हणून चार घरं उठून कालव्याच्या कामाला गेली. भांडाण न्हाय, तंटा न्हाय. जाताना बैलगाडी मागाय आमच्याच दारात आलीती. कसली शपत न कसलं काय. आमाला ठावंच न्हाय."

"मग पाणी?"

"पाण्याला काय झालंय? माजं वय बगा की."

सासऱ्यांची मारामारी, चुलतसासऱ्यांची विहीर, सगळं गेलं. उरलं काय, तर आम्ही. ज्या गावानं आम्हाला काही केलं नाही, ज्याला आमची आठवणही धड नाही, त्याची भीती आम्ही पिढ्यान् पिढ्या घरात पाळली. चुलीपाशी बसवून नव्या सुनेला वाढली. मला वाटलं होतं कारण कळलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता रागवायलाही कुणी उरलं नाही.

आजीच्या सुनेनं ताटलीत चार पेले आणले. बोअरचं पाणी, वर पेल्यांना ओलावा धरलेला. आजीनं पहिला पेला माझ्या सुनेपुढं केला. सुनेनं माझ्याकडं पाहिलं. पोरगी समंजस आहे. हळूच म्हणाली, "आई, पिऊ का?"

एवढं सगळं ऐकल्यावर 'पी' म्हणायला काय हरकत होती? इंग्रजीची बाई, डॉक्टरांनी दिलेलं कारण पाठ असलेली, आजीचं ऐंशी वर्षांचं शरीर समोर बघत असलेली. तरी माझी जीभ उचलली नाही. मी तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि मीच प्याले. मग दुसराही प्याले. म्हटलं, "तू नको. तुझी बाटली आहे गाडीत." मला स्वतःची लाज वाटली आणि तरीही मी तेच केलं.  आजीनं उरलेले दोन पेले ताटलीसकट बाजूला सारले.

निघताना तिनं सुनेची ओटी भरली, तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी. माझा हात धरून म्हणाली, "बाळतपण झालं की कळवा." कळवते म्हटलं.

गाडी मुलगा चालवत होता. बारामतीचा रस्ता लागला. तो म्हणाला, "मला बहीण होती."

"हो."

"आणि हे तुम्ही दोघांनी मला कधीच नाही सांगितलं."

"आम्ही एकमेकांशीच तिच्याविषयी कधी बोललो नाही रे, तुला कुठून सांगणार?"

पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. त्यानं वेग कमी केला. सून मागच्या सीटवर माझा हात हातात धरून बसली होती. तिनं विचारलं, "आई, नाव काय होतं तिचं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माहीत असलेली माणसं विचारत नव्हती आणि बाकीच्यांना माहीत नव्हतं.

"बारसं बाराव्या दिवशी असतं गं," मी म्हटलं.

"मग काहीच नव्हतं?"

"दवाखान्याच्या कागदावर होतं. 'बेबी' असं लिहिलं होतं आणि पुढं आडनाव. तिला आडनाव तेवढं होतं."